शो-विन, ठोक रक्कम की बक्षिसाची स्पर्धा: एमएमए फायटरने कोणता करार घ्यावा?

एमएमएमध्ये, म्हणजे मिश्र मार्शल आर्ट्सच्या व्यावसायिक लढतींत, महिन्याचा पगार नसतो. फायटर हा स्वतंत्र कंत्राटदार समजला जातो. लढत झाली तर पैसे, नाहीतर नाही. त्यामुळे दोन-तीन करार समोर असतील तर एका लढतीच्या आकड्यावर न जाता वर्षभरात हातात नक्की किती पडतील, ते मांडून बघावं.

यूएफसी या एमएमएच्या लढती भरवणाऱ्या अमेरिकी कंपनीची रूढ पद्धत शो-विनची आहे. वजन देऊन केजमध्ये (जाळीच्या रिंगणात) उतरलात की 'शो'चे पैसे, आणि जिंकलात तर वर तेवढेच 'विन'चे. नवख्यांचे करार बरीच वर्षं १०,०००+१०,००० डॉलरच्या आसपास होत आले. म्हणजे जास्तीत जास्त कमाईची अर्धी रक्कम निकालावर टांगलेली. निकाल स्प्लिट डिसिजनने, म्हणजे तीन जजपैकी दोघांच्या मताने, लागला, तर एका जजच्या गुणपत्रिकेवर १०,००० डॉलर येतात किंवा जातात. ठरलेल्या मर्यादेपेक्षा वजन जास्त भरलं तर सहसा मानधनाचा २० ते ३० टक्के हिस्सा प्रतिस्पर्ध्याला जातो.

त्यात कपड्यांच्या कराराचे पैसे मिळतात. २०२१ मध्ये व्हेनम ही कपड्यांची कंपनी आली तेव्हाच्या दरानुसार पहिल्या तीन लढतींसाठी प्रत्येकी ४,००० डॉलर, चॅम्पियनला लढतीमागे ४२,०००. पण याची किंमतही आहे: जुलै २०१५ पासून यूएफसीच्या फायटरला स्वतःच्या प्रायोजकांची नावं लावून केजमध्ये उतरता येत नाही. चांगल्या कामगिरीचा बोनस बरीच वर्षं ५०,००० डॉलर होता, नवख्याच्या दोन विजयांहूनही जास्त. तो मिळाला तर उत्तमच, पण हिशेबात धरू नये. संध्याकाळी लढलेल्यांपैकी मोजक्यांनाच तो मिळतो.

आता तीन लढती आणि त्यातले दोन विजय धरा. शोचे ३०,०००, विनचे २०,०००, कपड्यांचे १२,०००: एकूण ६२,००० डॉलर. यातून मॅनेजरचे १० ते २० टक्के, जिम आणि प्रशिक्षकांचा वाटा, सरावाचा खर्च आणि कर जाणार. दुखापतीने वर्षात एकच लढत झाली, तर हा हिशेब कोसळतो.

ठोक मानधनात हार-जीत काहीही झाली तरी रक्कम तीच. अनेकांना यात कमीपणा वाटतो, पण मला वाटतं, या कराराबद्दल गैरसमज आहे. साधं गणित आहे. १०+१० च्या करारात जिंकण्याची शक्यता निम्मी असेल तर सरासरी १५,००० पडतात, सत्तर टक्के असेल तर १७,०००. म्हणून १६,००० ठोक मिळत असतील तर साठ टक्क्यांहून जास्त वेळा जिंकण्याची खात्री असल्याशिवाय ते नाकारू नयेत. समोर कोण लढणार ते प्रमोटर, म्हणजे लढती भरवणारा, सुचवतो आणि नवख्याला नाही म्हणणं जड जातं, हेही लक्षात घ्या.

तिसरा पर्याय बक्षिसाच्या स्पर्धेचा. पीएफएल या दुसऱ्या अमेरिकी कंपनीने २०१८ पासून हंगाम भरवले आणि प्रत्येक वजनगटातल्या विजेत्याला १० लाख डॉलर दिले. २०२५ मध्ये बाद फेरीची स्पर्धा आणि ५ लाख डॉलर असं स्वरूप झालं. वेळापत्रक आधी कळतं, हा मोठा फायदा. पण पैसा शिखरावर साचलेला असतो. केला हॅरिसन या अमेरिकी फायटरने २०१९ आणि २०२१ मध्ये ते १० लाख जिंकले, २०२२ च्या अंतिम फेरीत लॅरिसा पाचेकोकडून ती हरली आणि ते बक्षीस पाचेकोला गेलं. सरावाला पैसे पुरत नसतील त्याने या आशेवर वर्ष काढू नये.

यापेक्षाही महत्त्वाचं कलम बाहेर पडण्याचं आहे, आणि नेमकं तेच कमी वाचलं जातं. विजेतेपद मिळालं की करार आपोआप लांबवणारी कलमं असतात. फ्रान्सिस न्गानू जानेवारी २०२२ मध्ये यूएफसीचा हेवीवेट चॅम्पियन म्हणून लढला, जाहीर मानधन ६ लाख डॉलर. आरोग्य विमा आणि स्वतःचे प्रायोजक अशा मागण्यांवर जमलं नाही, तेव्हा तो जानेवारी २०२३ मध्ये मोकळा झाला आणि ऑक्टोबरमध्ये टायसन फ्युरीशी बॉक्सिंग लढला. त्याला ते शक्य झालं, कारण त्याचा करार संपला होता.

फायटरांनी यूएफसीवर २०१४ मध्ये भरलेला खटला ३७.५ कोटी डॉलरवर मिटला. त्याला फेब्रुवारी २०२५ मध्ये अंतिम मंजुरी मिळाली. त्या खटल्यातून उघड झालेल्या कागदपत्रांत फायटरांचा वाटा उत्पन्नाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास दिसतो. अमेरिकेतल्या मोठ्या सांघिक लीगमध्ये तो निम्म्याच्या जवळ असतो. शिवाय अमेरिकेतला २००० सालचा मुहम्मद अली कायदा प्रमोटरला लढतीचं उत्पन्न बॉक्सरपुढे उघड करायला लावतो. एमएमए त्यात येत नाही.

घरात दुसरं उत्पन्न नसेल आणि करिअर नुकतंच सुरू होत असेल, तर मी ठोक रक्कम आणि कमी लढतींचा करार घ्यायला सांगेन. सलग जिंकणाऱ्याने शो-विन घ्यावा, मात्र प्रत्येक विजयानंतर रक्कम किती वाढेल ते लिहून घ्यावं. स्पर्धेत उतरणाऱ्याने पहिल्याच फेरीत हरल्यावर काय मिळतं ते विचारावं. आणि तिन्ही करारांत वर्षाला किमान किती लढती देणार, त्या न दिल्यास काय भरपाई, दुखापतीचा खर्च कोण करणार आणि इतरत्र कधी लढता येईल, ही उत्तरं सहीआधी कागदावर घ्यावीत.