साठची दुर्बीण बत्तीसची निघाली

पर्यटनाच्या हंगामात किनारपट्टीच्या रस्त्यांवर तात्पुरते स्टॉल उभे राहतात. त्यातल्याच एका स्टॉलवरून आमच्या पक्षिनिरीक्षण गटातल्या एका नव्या सदस्याने झूम दुर्बीण घेतली. अंगावर ठळक आकड्यांत '१०-३०×६०' आणि शेजारी 'बीएके-४' असं छापलेलं, पुढची भिंगं लालभडक. 'बोटीवरचा माल, तारवटी (बोटीवरचे खलाशी) आणतात, दुकानात पंचवीस हजारांच्या खाली मिळायची नाही,' असं विक्रेत्याने सांगितलं. नऊ हजारांवर सुरू झालेला भाव साडेतीन हजारांवर तुटला. बिल म्हणून मिळाला एक कोरा कागद, त्यावर फक्त रक्कम. ती दुर्बीण टेबलावर ठेवून मोजपट्टीने तपासली, तेव्हा तिच्यावरचा एकही दावा खरा ठरला नाही. असला माल दर हंगामात येतो आणि गोव्यात चोडण, करमळी, बोंडल्याला पक्षी बघायला जाणारी नवी मंडळी तो घेतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

आकड्यांचा अर्थ साधा आहे. पहिला आकडा म्हणजे दृश्य किती पट जवळ दिसतं, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. झूम दुर्बिणीत पट कमी-जास्त करता येते, म्हणून '१०-३०' म्हणजे दहापासून तीस पटीपर्यंत. व्यासाला पटीने भागलं की डोळ्यात उतरणाऱ्या प्रकाशाच्या ठिपक्याचा व्यास मिळतो. ८×४२ असेल तर सव्वापाच मिलिमीटर. दुर्बीण उजेडाकडे धरून डोळ्यापासून हातभर लांब नेली की डोळ्याकडच्या भिंगात हा ठिपका दिसतो आणि पट्टीने मोजताही येतो.

आता खरा व्यास. दुर्बिणीचा फोकस लांबच्या वस्तूवर लावा. मोबाइलचा टॉर्च डोळ्याकडच्या भिंगामागे वीतभर अंतरावर धरा आणि पुढच्या भिंगाला जवळजवळ टेकवून पांढरा कागद ठेवा. कागदावर उजेडाचं जे वर्तुळ पडतं, तेवढंच भिंग प्रत्यक्ष कामात येतं. या दुर्बिणीच्या पुढच्या काचेचा व्यासच बावन्न भरला, साठ नव्हे. कागदावरचं वर्तुळ तर फक्त बत्तीस. टॉर्च तिरपा करून आत पाहिलं तेव्हा कारण दिसलं: भिंगामागे नळीत काळ्या प्लास्टिकची एक कडी बसवलेली होती. स्वस्त भिंगाच्या कडेने येणारी प्रतिमा फुटलेली, धूसर असते. ती लपवायची, तर भिंगाची कडाच झाकून टाकायची. बाहेरून भिंग मोठं दिसतं आणि गिऱ्हाइकाच्या हातात वजनही भरतं.

खरा व्यास मोजल्याशिवाय पट कळत नाही आणि इथेच थोडीफार माहिती असलेला माणूसही फसतो. ३० पटीवर ठिपका मोजला तर तो २ मिलिमीटर भरला. साठ भागिले तीस दोनच, म्हणजे सगळं जुळतं असं वाटेल. पण खरा व्यास बत्तीस, म्हणून बत्तीस भागिले दोन, सोळा. कमी पटीवर ठिपका ४ मिलिमीटर, म्हणजे आठ पट. थोडक्यात, ८-१६×३२ ची दुर्बीण १०-३०×६० म्हणून विकली होती. पडताळा घ्यायचा असेल तर गिलावा न केलेल्या चिऱ्यांच्या उंच भिंतीसमोर उभे राहा. एका डोळ्याला दुर्बीण लावा, दुसरा डोळा उघडा ठेवा. दुर्बिणीतल्या एका थराच्या उंचीत उघड्या डोळ्याला दिसणारे किती थर मावतात ते मोजा. तेवढी पट.

लाल भिंगांबद्दल विक्रेते हमखास 'रुबी कोटिंग (भिंगावरचा पातळ लेप), ऊन रोखतं' असं सांगतात. भिंग लाल दिसतं कारण ते लाल प्रकाश परत फेकतं, म्हणजे त्यातला बराचसा प्रकाश तुमच्या डोळ्यापर्यंत येतच नाही. दृश्य हिरवट-निळसर होतं. गोव्याचा राज्यपक्षी असलेल्या बुलबुलाचं अंग पिवळं, डोकं काळं आणि गळा लालबुंद. या दुर्बिणीतून त्याचा गळा मळका तपकिरी दिसतो आणि ओळखीची मुख्य खूणच जाते. चांगल्या कोटिंगचं प्रतिबिंब मंद असतं, हिरवट किंवा जांभळट. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब लख्ख पांढरं दिसलं तर त्या काचेला कोटिंगच नाही.

'बीएके-४' ही प्रिझमच्या काचेची जात. अशा प्रिझमचा ठिपका पूर्ण गोल आणि कडेपर्यंत सारखा उजळ असतो. इथे तो चौकोनाकडे झुकलेला आणि चारी कडांना करडा होता, म्हणजे स्वस्त बीके-७ काच. अक्षरं छापायला पैसे लागत नाहीत.

झूमचं दुखणं याहून मोठं आहे, कारण ते खऱ्या कंपनीच्या झूम दुर्बिणीलाही थोडंफार असतंच. खटका सरकवला की दोन्ही नळ्यांतली भिंगं एकाच प्रमाणात सरकली पाहिजेत. ती धातूच्या पातळ पट्टीने किंवा दातेरी चाकांनी जोडलेली असतात. त्यात जरा ढिलाई आली की एका डोळ्याला बारा पट आणि दुसऱ्याला साडेबारा, असं होतं. मेंदू दोन्ही चित्रं जुळवत बसतो आणि पाऊण तासात कपाळ ठणकायला लागतं. तपासायला सोपं आहे. लांबच्या विजेच्या तारेवर दुर्बीण रोखा, मग नजर तिथेच ठेवून दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू वीतभर पुढे न्या. दोन गोलांतली तार एकाच उंचीवर राहिली पाहिजे. एका गोलात ती वर, दुसऱ्यात खाली गेली तर दुर्बीण तिथेच परत द्या. ही तपासणी कमी पटीवर आणि जास्त पटीवर, दोन्हीकडे करा.

शिवाय झूमचं दृश्यक्षेत्र कमी पटीवरसुद्धा अरुंद असतं. चांगल्या ८×४२ मधून हजार मीटरवर साधारण १३० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. झूममध्ये तो बऱ्याचदा निम्म्यावर येतो. बोंडल्याच्या दाट पानोऱ्यात धनेश शोधायचा तर पट नव्हे, रुंदी लागते. सोळा पटीवर हात इतका हलतो की तिवईशिवाय काही ठरत नाही आणि पहाटे रायबंदरहून फेरीने चोडणला उतरल्यावर दोन मिलिमीटरच्या ठिपक्यात तिवरांचा नुसता काळोख दिसतो. पहिली दुर्बीण ८×४२ घ्यावी, फार तर ८×३२. झूम नकोच.

जुनी दुर्बीण घेताना गोव्याच्या हवेत बुरशी आधी पाहा. पुढून टॉर्च मारून मागून तिरपं पाहिलं की भिंगावर कोळिष्टकासारखे धागे दिसतात. बुरशी काच खाते, त्यामुळे पुसून गेली तरी डाग राहतो. 'वॉटरप्रूफ' म्हणून सांगितलेली दुर्बीण एसीच्या खोलीतून बाहेर आणा: धुकं बाहेरच्या काचेवर जमलं तर ते पुसलं जातं, आतल्या बाजूला जमलं तर ती सीलबंद नाही.

खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, उत्पादनाचा देश आणि एमआरपी छापलेली असायलाच हवी. या खोक्यावर तिन्हीपैकी काहीच नव्हतं. पैसे यूपीआयने द्या आणि जीएसटी क्रमांकाचं बिल घ्या. फसवणूक कळताच टॉर्चच्या वर्तुळाशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीला शुल्क नाही. या प्रकरणात पैसे रोख दिले होते, कागदावर विक्रेत्याचं नाव नव्हतं आणि तपासणी होईपर्यंत तो स्टॉल तिथून उठला होता. त्यामुळे तक्रार कुणाविरुद्ध करायची, इथेच सगळं अडलं.