कॅथलिक शाळेचे दहा महिने: काळजी केली प्रार्थनेची, करायला हवी होती गणिताची

मुलगा सहावीत, मुलगी तिसरीत. आम्ही अमेरिकेत राहतो. ऑगस्ट २०२४ मध्ये दोघांनाही पब्लिक, म्हणजे इथल्या सरकारी, शाळेतून काढलं आणि घराजवळच्या एका पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, कॅथलिक शाळेत घातलं. केजी ते आठवी, प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी. आम्ही कॅथलिक नाही, ख्रिश्चनही नाही. घरात देव्हारा आहे. त्यामुळे ही बातमी कळल्यावर सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर आवाज खाली आणून विचारलं, "पोरांना बाटवणार तर नाहीत ना गं?" मी हसले खरी, पण शाळा बघायला गेले तेव्हा माझे झाडून सगळे प्रश्न धर्माबद्दलच होते. गणिताबद्दल एकही नाही. ती चूक पुढे महागात पडली, म्हणून अमेरिकेत अशा शाळेचा विचार करणाऱ्या मराठी पालकांसाठी हे सविस्तर लिहितेय.

आधी अभ्यासक्रम ठरवतं कोण ते. आमच्याकडे डायोसीज, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतला धर्मप्रांत, इयत्तावार चौकट आखून देतो. पुस्तकं कुठली घ्यायची, वेग किती ठेवायचा हे शाळा बघते. राज्याची प्रमाणकं, २०१० मध्ये आलेलं कॉमन कोअर वगैरे, शिक्षकांच्या समोर असतं, पण पब्लिक शाळेला ते जसं बंधनकारक तसं इथे नाही. याचा फायदाही आहे आणि तोटाही, आणि दोन्ही आम्ही चाखले.

धर्माचा तास रोज असतो आणि तो सगळ्यांना असतो. आपल्याकडच्या कॉन्व्हेंटची सवय असलेल्यांनी हे नीट लक्षात घ्या. माझ्या कॉन्व्हेंटमध्ये ख्रिस्ती मुली कॅटेकिझमला, म्हणजे धर्मशिक्षणाच्या तासाला, जायच्या आणि आम्ही उरलेल्या मॉरल सायन्स नावाच्या तासाला डुलक्या काढायचो. इथे तशी पळवाट नाही. पुस्तक आहे, गृहपाठ आहे, चाचणी आहे, रिपोर्ट कार्डवर ग्रेड आहे. आठवड्यातून एकदा सगळी शाळा मासला, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक प्रार्थनेला, जाते (वसईकडचे लोक मिस्सा म्हणतात तेच). वाचन करायला मुलंच उभी राहतात. कम्युनियनच्या, म्हणजे कॅथलिकांना प्रसादाची भाकर देतात त्या, वेळी आमची दोघं रांगेत जातात, पण हात छातीवर फुलीसारखे ठेवून. मग फादर फक्त आशीर्वाद देतात. पहिल्या आठवड्यात मुलीने फुलीऐवजी नमस्कार केला. कुणी काही बोललं नाही. वर्गात कॅथलिक नसलेली आणखीही मुलं आहेत, त्यामुळे शिक्षकांना हे नवीन नव्हतं.

आम्हाला एक गोष्ट नशिबाने सोपी गेली. दुसरीचं वर्ष सगळं फर्स्ट कम्युनियनभोवती, म्हणजे ती भाकर पहिल्यांदा घेण्याच्या समारंभाभोवती, फिरतं, आणि मुलगी तिसरीत आली. दुसरीत मूल घालणार असाल तर मनाची तयारी ठेवा: वर्गातली बहुतेक मुलं वर्षभर एका समारंभाची तयारी करत असतात आणि तुमचं मूल त्यात नसतं. कुणी मुद्दाम दूर ठेवत नाही, पण सात वर्षांच्या मुलाला पांढरे कपडे आणि केक दिसतात, तत्त्वज्ञान दिसत नाही.

बाकी धर्म एका तासापुरता राहत नाही, तो इतर विषयांत झिरपतो. हे मला प्रवेशाआधी कळलं असतं तर मी घाबरले असते. झालं ते वेगळंच. नोव्हेंबरात संतांचा प्रकल्प होता. मुलीला केटेरी टेकाक्विथा आली. ही १६५६ साली जन्मलेली मोहॉक या अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातीतली मुलगी, देवीच्या साथीत आईबाप गेले, तोंडावर व्रण राहिले, चोविसाव्या वर्षी वारली, आणि २०१२ मध्ये तिला संतपद मिळालं. या एका पोस्टरच्या निमित्ताने मुलीने मोहॉक लोक कुठे राहायचे, लाँगहाऊस, म्हणजे त्यांची लांबलचक घरं, कसं बांधायचे, देवीचा रोग युरोपातून कसा आला हे सगळं काढलं. इतिहास, भूगोल आणि आरोग्य एका पुठ्ठ्यावर. पोस्टरवरचे व्रण दाखवायचे की नाही यावर आमच्याकडे दोन दिवस वाद चालला. दाखवले.

विज्ञानाबद्दल माझ्या मनात मोठी धाकधूक होती. उत्क्रांती शिकवतात का, हे मी ओपन हाऊसला जरा खोचकपणेच विचारलं. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, शिकवतो की, का नाही शिकवणार? घरी येऊन वाचल्यावर माझीच लाज वाटली. उत्क्रांतीचा अभ्यास करायला हरकत नाही असं पोप बारावे पायस १९५० मध्येच लिहून गेलेत, आणि १९९६ मध्ये जॉन पॉल दुसरे यांनी हा निव्वळ तर्क उरलेला नाही असं सांगितलं. मी कॅथलिकांना उत्क्रांती नाकारणाऱ्या भलत्याच पंथाच्या खात्यात टाकलं होतं. त्या वर्गाच्या भिंतीवर ग्रेगोर मेंडेलचं चित्र आहे, मठाच्या बागेत वाटाणे लावणारा तोच. शेजारी जॉर्ज लमेत्र, विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ मध्ये मांडणारा बेल्जियन धर्मगुरू. मुलाने विचारलं, गॅलिलिओ कुठाय? बाई म्हणाल्या, तो पुढच्या महिन्यात. आणि आला खरंच, चर्चने १९९२ मध्ये चूक कबूल केली त्यासकट. साडेतीनशे वर्षं लागली, हे मुलाने सासूबाईंना फोनवर विशेष करून सांगितलं.

प्रयोगशाळा मात्र नावाला. एक सिंक, काही सूक्ष्मदर्शकं, बाकी प्रयोग व्हिडिओवर. पब्लिक शाळेची लॅब बघितलेल्या मुलाला हे पहिल्याच दिवशी खटकलं.

सहावीच्या समाजशास्त्रात प्राचीन भारत आहे. पान उघडलं आणि समोर वर्णांचा पिरॅमिड, खाली हिंदू धर्माची चार वाक्यांत वासलात. मी तणतणत शाळेत जायच्या बेतात होते, तेवढ्यात लक्षात आलं की ते पुस्तक धार्मिक प्रकाशनाचं नाहीच, नेहमीचं समाजशास्त्राचं आहे. गंमत अशी की धर्माच्या तासाला हाच विषय जास्त आदराने आला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेचं, १९६५ चं एक निवेदन आहे, नोस्त्रा एताते. त्यात हिंदू आणि बौद्ध धर्मांचा नावानिशी उल्लेख आहे आणि या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही असं म्हटलंय. सरांनी ते वर्गात वाचलं आणि मुलाला विचारलं, तुझ्या घरी प्रार्थना कशी करतात? त्याने शुभंकरोति म्हणून दाखवली. निम्मी विसरला होता. घरी येऊन ती पाठ केली. त्याला ती पाठ करायला लावणं मला चार वर्षांत जमलं नव्हतं.

कौतुक करायचं तर खरं कौतुक भाषेचं. इंग्रजी व्याकरण इथे अजून शिकवतात, आणि जुन्या वळणाने शिकवतात. वाक्य फळ्यावर आडव्या रेघेवर मांडायचं, कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये उभी रेघ रेघेच्या आरपार काढायची, कर्माच्या आधी तीच रेघ वरच थांबवायची, विशेषणं खाली तिरकी लटकवायची. ही पद्धत अमेरिकेत १८७७ पासूनची आहे. पब्लिक शाळेत आम्हाला ती कधी दिसली नाही. मी बघितलं आणि ओरडले, अरे, हे तर आमचं वाक्यपृथक्करण! उद्देश्य, विधेय, विधेयविस्तार. एका रात्री आम्ही दोघांनी जेवणाच्या टेबलावर मराठी वाक्य त्या रेघांवर चढवून पाहिलं. "मला भूक लागली" घेतलं आणि अडकलो, कारण कर्ता भूक आणि मी बिचारी खाली तिरक्या रेघेवर लटकलेली.

याशिवाय दर शुक्रवारी शब्दांची परीक्षा, तिसरीपासून कर्सिव्ह, आठवड्याला एक परिच्छेद आणि तो लाल पेनने तपासून परत. मुलीचं लेखन वर्षात ओळखू येणार नाही इतकं सुधारलं. लहान तुकडी हे एक कारण. दुसरं म्हणजे वहीवर अजूनही वहीसारखा विश्वास आहे, सगळं टॅबलेटवर नाही.

आता दुखणं. मुलगा पब्लिक शाळेत गणिताच्या पुढच्या गटात होता. इथे एक इयत्ता, एक तुकडी, म्हणून गटच नाहीत. ऑगस्ट ते डिसेंबर तो आधी केलेलंच पुन्हा करत बसला. गुणोत्तरं, ऋण संख्या, पुन्हा गुणोत्तरं. वर्षातून तीनदा मॅप चाचणी होते, शरद, हिवाळा आणि वसंतात, आणि तिचा आकडा घरी येतो. वाचनाचा आकडा छान सरकला. गणिताचा जवळजवळ जागेवर. मी भेटायला गेले तर उत्तर मिळालं की लवकर आटोपलं तर तो जास्तीचे प्रश्न सोडवू शकतो. ते प्रश्न म्हणजे तेच गणित, फक्त आकडे मोठे.

याचा हिशेब सहावीतच का करायचा ते सांगते. आठवीत अल्जेब्रा वन झालं तर नववीत जॉमेट्री, मग अल्जेब्रा टू, प्रीकॅल्क्युलस, आणि बारावीत कॅल्क्युलस असा सरळ रस्ता लागतो. आठवीत ते झालं नाही तर पुढे कुठेतरी एका वर्षात दोन कोर्स कोंबावे लागतात नाहीतर उन्हाळा घालवावा लागतो. आमच्या शाळेत आठवीतलं अल्जेब्रा वन मोजक्याच मुलांना, आणि ते सुद्धा त्या वर्षी शिकवायला कुणी असेल तर. हे मला फेब्रुवारीत कळलं. पहिल्या भेटीत एका प्रश्नात कळलं असतं.

दुसरं दुखणं छोटं पण काहींसाठी मोठं ठरेल. मुलीला उच्चारांसाठी स्पीच थेरपी लागायची. पब्लिक शाळेत ते हक्काने मिळतं. खासगी शाळेत घातलं की तो वैयक्तिक हक्क तसा राहत नाही; सरकारी शाळा चालवणारं स्थानिक डिस्ट्रिक्ट तपासणी करून देतं, पण सेवा किती द्यायची ते त्यांच्या हातात. आम्हाला मिळाली ती आधीपेक्षा कमी, आणि त्यासाठी गाडी काढून पब्लिक शाळेतच जायचं. मुलाला डिस्लेक्सिया वगैरे असेल तर प्रवेश फी भरण्याआधी हे लेखी विचारून घ्या.

वयात येण्याचा धडा सहावीत झाला. आधी पालकांना पत्र आलं, साहित्य बघायला बोलावलं. शरीरशास्त्र व्यवस्थित होतं, त्यापुढचं सगळं चर्चच्या चौकटीत. उरलेलं आम्ही घरी बोललो. तक्रार नाही, फक्त घरी बोलावं लागतं हे आधी माहीत असू द्या.

लोक मला राष्ट्रीय चाचण्यांचे आकडे पाठवतात, की नेप नावाच्या देशव्यापी चाचणीत कॅथलिक शाळांची सरासरी पब्लिकपेक्षा वर असते. असते, चौथीतही आणि आठवीतही. पण फी भरून, रोज गाडीने सोडून मूल शिकवणारे पालक आणि सगळे पालक यांची तुलना करून शाळेला श्रेय देणं मला पटत नाही. अशी सरासरी माझ्या मुलाच्या गणिताच्या काय कामाची?

आणि तरीही वर्षातला सगळ्यात चांगला गणिताचा तास याच शाळेत झाला. इस्टरच्या दुसऱ्या दिवशी, २१ एप्रिलला, पोप फ्रान्सिस गेले. सुट्टीनंतर शाळेत दुसरा विषय नव्हता. नवीन पोप निवडायला १३३ कार्डिनल, म्हणजे मत देणारे वरिष्ठ धर्मगुरू, आणि दोन तृतीयांश मतं. गणिताच्या सरांनी फळ्यावर तेवढंच लिहिलं: किती मतं लागतील? भागाकार येतो ८८ पूर्णांक दोन तृतीयांश. अर्धा वर्ग म्हणाला ८९, कारण पूर्णांकात आणताना वर जायचं. सर म्हणाले, बरं, १३१ कार्डिनल असते तर? ८७ पूर्णांक एक तृतीयांश. वर्ग म्हणाला ८७, अर्ध्याच्या खाली आहे. तेव्हा माझा मुलगा उठला आणि म्हणाला, मग दोन तृतीयांश झालेच नाहीत, उरलेला एक तृतीयांश माणूस कुठून आणणार? ८८ च लागतील. इथे जवळचा पूर्णांक चालत नाही, वरचाच घ्यावा लागतो. तो घरी येऊन हे तीनदा सांगत होता. ८ मे रोजी दुपारी बारा वाजून गेल्यावर पांढरा धूर निघाला, म्हणजे नवा पोप ठरला, तेव्हा मुलं डबे खात होती. पोप शिकागोचा निघाला, पॅरिश शाळेतच शिकलेला, आणि १९७७ चा गणिताचा पदवीधर. सरांनी दुसऱ्या दिवशी गृहपाठ दिला नाही.

निर्णय असा झाला: मुलगी चौथीला तिथेच राहणार. मुलगा सातवीला पब्लिक शाळेत परत चाललाय. गणिताचा गट ठरवणाऱ्या प्लेसमेंट टेस्टची तयारी सुरू आहे, आणि तो ती कर्सिव्हमध्ये करतोय.

परवा सासूबाईंचा फोन. "काढलंस ना शेवटी? म्हणजे बाटवतच होते?"

"अहो आई, नाही हो. गणित हळू शिकवत होते."

"एवढंच? मग ते तू घरी शिकवायचंस की," म्हणाल्या.

यावर काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही.