फाउंडर्स ऑनलाइन: सेनापती होण्याआधीचा वॉशिंग्टन

अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने व्हर्जिनिया विद्यापीठाच्या प्रकाशन विभागासोबत 2013 साली सुरू केलेला फाउंडर्स ऑनलाइन हा अमेरिकेच्या संस्थापकांच्या कागदपत्रांचा ऑनलाइन संग्रह पूर्ण मोफत आहे, खातंही उघडावं लागत नाही. 1 लाख 80 हजारांहून जास्त कागद आहेत. पण जॉर्ज वॉशिंग्टनला जमीनदार आणि काउंटीचा (जिल्ह्याचा) न्यायाधीश म्हणून शोधायचं असेल तर नुसतं नाव टाकू नका, युद्धकाळातल्या पत्रांखाली सगळं गाडलं जातं.

लेखक वॉशिंग्टन, कालखंड वसाहतकाळ, एवढं आधी निवडा. मग रोजनिशी आणि दरमहाचे रोख हिशेब शेजारी शेजारी उघडा. 1768 पासून तो व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीच्या कोर्टात न्यायाधीश म्हणून बसे. रोजनिशीत कोर्टाच्या दिवशी बहुधा एखादीच ओळ मिळते, त्यामुळे हिशेब जोडीला हवेतच.

सगळ्यात मोलाच्या आहेत त्या डोईपट्टीच्या (माणशी कराच्या) याद्या. दरवर्षी जमीनदाराने आपल्याकडची करपात्र माणसं कळवायची असत. वॉशिंग्टनच्या याद्यांत गुलामीत ठेवलेल्या माणसांची नावं मळ्यांनुसार, देखरेख करणाऱ्यांसह येतात. त्यांची बेरीज म्हणजे मळ्यावरची एकूण वस्ती, असं मात्र धरू नका: 16 वर्षांखालची मुलं त्यात नाहीत. ही चूक फार होते. चर्चची पट्टीही याच डोक्यांवर, तंबाखूच्या पौंडांत (वजनात) बसे. आणि 1762 पासून वॉशिंग्टन स्वतः ट्रूरो पॅरिशच्या (चर्चच्या स्थानिक विभागाच्या) कारभारी मंडळात होता. म्हणजे कर ठरवणारा आणि भरणारा एकच.

शोध फसतो तो स्पेलिंगमुळे. संपादकांनी मूळ लिखाण तसंच ठेवलंय, जे योग्यच आहे. पण हिशेबात टोबॅकोच्या जागी 'टोबो' असतं, त्याच्या डोग रन मळ्याचं स्पेलिंगही बदलतं. दोन्ही रूपं टाकून पाहा. रक्कम वाचताना 12 पेन्सचा शिलिंग, 20 शिलिंगांचा पौंड, आणि व्हर्जिनियाचं चलन की ब्रिटिश स्टर्लिंग हे आधी बघा. दोन्हींचा भाव वेगळा होता. सप्टेंबर 1752 पूर्वीच्या तारखा जुन्या (ज्युलियन) पंचांगाच्या, तेव्हा 11 दिवस मागे असलेल्या, वर्ष 25 मार्चला सुरू होणारं. त्यामुळेच त्याचा जन्म 11 फेब्रुवारी 1731 आणि 22 फेब्रुवारी 1732 असा दोन्ही प्रकारे दिसतो.

तळटीपा उत्कृष्ट आहेत, त्या सोडू नका. उणीव एक, पण मोठी: हस्तलिखितांची छायाचित्रं इथे नाहीत. वॉशिंग्टनच्या बऱ्याचशा कागदांसाठी ती लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात मोफत मिळतात. हिशेबाचे रकाने ताडायचे असतील तर तिथलं पान उघडाच.