एक्सेलची फोरकास्ट शीट: आठवडे मोजते, तिथी नाही

एक्सेल २०१६ पासून ‘डेटा’ टॅबमध्ये ‘फोरकास्ट शीट’ नावाचं, मागच्या खपावरून पुढचा अंदाज काढणारं बटण आहे. ऑनलाइन माल विकणारे बहुतेक जण एक्सेल रोज उघडतात, पण या बटणाकडे बोट जात नाही. मागच्या महिन्याचा खप, त्यावर दहा-वीस टक्के चढवले की झाली ऑर्डर. त्यापेक्षा हे साधन केव्हाही बरं, फक्त त्याच्यापुढे काय वाढायचं ते कळलं पाहिजे.

एका रकान्यात आठवड्याची तारीख, शेजारी विकलेले नग. दोन्ही निवडायचे आणि बटण दाबायचं. अलीकडच्या खपाला जास्त आणि जुन्याला कमी वजन देऊन पुढचे आकडे येतात, सोबत वरची-खालची मर्यादा आणि आलेख.

पहिली गडबड इथेच होते. मार्केटप्लेसच्या रिपोर्टात दर ऑर्डरची ओळ वेगळी असते. तो तसाच टाकला, तर एकाच तारखेच्या ओळींची शीट बेरीज करत नाही, सरासरी काढते. दिवसाला एकेका नगाच्या ३० ऑर्डर असल्या तरी अंदाज येतो १! ‘ऑप्शन्स’मध्ये सरासरीऐवजी बेरीज निवडा, नाहीतर आधी पिव्होट टेबल (गटवार बेरजांचा तक्ता) करून आठवड्याचे नग काढा.

माल संपला होता त्या आठवड्यांपुढे शून्य लिहू नका. शीटला वाटतं गिऱ्हाईकच नव्हतं. ती ओळच गाळा. ३० टक्क्यांपर्यंतच्या गाळलेल्या जागा ती आजूबाजूच्या आकड्यांवरून भरते. उतरत्या मालाचा अंदाज कधी उणेही येतो, तेव्हा शून्य धरायचं. उणे सात मखरं कोण विकतं?

मखरांवरून खरा दोष. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती १४ सप्टेंबरला, म्हणजे आधीच्या वर्षापेक्षा १८ दिवस उशिरा. शीटला पंचांग ठाऊक नाही. ५२ आठवड्यांचा हंगाम धरला की ती आधीच्या वर्षांच्या त्याच आठवड्यांकडे बघते. मग माल लवकर येऊन गोदामात पडून राहतो आणि ऐन सप्टेंबरात तुटवडा पडतो. दिवाळीच्या आकाशकंदिलांचंही तेच.

यावर तोडगा आहे. तारखा बाजूला ठेवा. प्रत्येक वर्षी चतुर्थीआधीचे आठ आठवडे कापून घ्या आणि तीन वर्षांचे तुकडे एकाखाली एक लावून त्यांना १ ते २४ क्रमांक द्या. तारखेच्या रकान्यात साधे क्रमांकही चालतात, अंतर सारखं हवं इतकंच. ‘सीझनॅलिटी’ (किती ओळींनी चढ-उतार पुन्हा येतो तो आकडा) आपोआपवर न सोडता ८ टाका. २५ ते ३२ हे यंदाचे आठ आठवडे. हाताशी एकाच वर्षाचा खप असेल तर हा खटाटोप नको. निदान दोन हंगाम मागे असल्याशिवाय शीटला चढ-उतार कळत नाही.

आता ऑर्डर किती द्यायची? ‘फोरकास्ट स्टार्ट’ (अंदाज जिथून सुरू होतो ती तारीख) बारा आठवडे मागे न्या, तेव्हाचा अंदाज आणि प्रत्यक्ष खप यांतला फरक काढा आणि त्या फरकांचं प्रमाण विचलन (ते सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) घ्या. समजा ते १२ आलं, आठवड्याचा अंदाज ४० नग आहे आणि पुरवठादार तीन आठवडे घेतो. तर १२० नग खपाचे, वर १.६५ (शंभरातल्या ९५ वेळा माल पुरावा म्हणून) गुणिले १२ गुणिले तीनचं वर्गमूळ, म्हणजे साधारण ३४. शिल्लक आणि वाटेवरचा माल मिळून १५४ वर आला की ऑर्डर टाकायची. त्याऐवजी शीटवरच्या तीन आठवड्यांच्या वरच्या मर्यादांची सरळ बेरीज केली, तर मूळच्या ९५ टक्के सेटिंगवर आकडा १९० च्या आसपास जातो. तिन्ही आठवडे एकदमच जोरात जातील असं त्यात गृहीत असतं, शिवाय ती मर्यादा १.६५ऐवजी १.९६ पटींवर असते, आणि जास्तीच्या ३६ नगांचे पैसे विनाकारण अडकतात.