बोन्साय पॉटच्या नावाखाली 23,999 रुपयांना गंडवलं, वाचा आणि सावध व्हा

आधी आकडा सांगून टाकते. 23,999 रुपये. सहा बोन्साय पॉट. हाताने घडवलेले, स्टोनवेअरचे (म्हणजे खूप तापवून भाजलेली, पाणी न मुरणारी माती), ड्रेनेजची भोकं माझ्या मापाने पाडलेले, असं सांगून विकलेले. नवऱ्याला मी पाचेक हजार सांगितलेत आणि त्यावरही "कुंड्यांना?" हा प्रश्न विचारून झालाय, त्यामुळे हे लिहिताना नाव टाकत नाहीये.

"कुंड्यांना एवढे पैसे कसले" असं ज्यांना वाटतंय त्यांच्यासाठी थोडक्यात. बोन्सायचा पॉट उथळ असतो. कुठल्याही कुंडीत पाणी दिल्यावर तळाशी मातीचा एक थर चिंब राहतोच, आणि त्या थराची जाडी कुंडी खोल आहे की उथळ यावर ठरत नाही, मिश्रणावर ठरते. फूटभर खोल कुंडीत तेवढ्या ओलीने काही बिघडत नाही. सहा सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये मात्र अर्धी मुळं त्या चिखलात बसतात. म्हणून भोकं मोठी लागतात, आणि मोठी असून भागत नाही, ती तळाच्या सर्वांत खालच्या जागी लागतात. तळाला भोकांकडे किंचित उतार हवा. भोकाला आतून कड नको, नाहीतर कडेएवढं पाणी साचून राहतं. खाली पाय हवेत, म्हणजे भोकं फळीला टेकत नाहीत. शिवाय झाड बांधायला वायरची बारीक भोकं, कारण नुकत्याच लावलेल्या झाडाला मुळांची पकड नसते आणि वाऱ्याने ते हललं की नवीन मुळं तुटतात. जपानमधल्या तोकोनामेचे पॉट लोक उगाच भरमसाट पैसे देऊन आणत नाहीत. बाजारातल्या ट्रेला मात्र मध्ये एक भोक आणि वर चकाकी, की झाला बोन्साय पॉट.

ज्या ऑनलाइन पानावरून मी घेतले त्याचं नाव देऊन उपयोग नाही, ते आता त्या नावाने नाहीच. फोटो देखणे होते. मी मापांसकट चित्र काढून पाठवलं. तीस बाय बावीस सेंटिमीटरचा लंबगोल, 20 मिलिमीटरची दोन मुख्य भोकं, 4 मिलिमीटरची चार वायरची, पाय 12 मिलिमीटर उंच. त्यावर समोरून मेसेज आला: "ताई, हे माप भाजल्यानंतरचं धरायचं ना? माती दहा-बारा टक्के आकसते, म्हणून विचारतो."

आता सांगा, असा प्रश्न विचारणाऱ्या माणसावर तुम्ही संशय घेतला असता? मातीत हात न घालणाऱ्या माणसाला आकसणं सुचेल कसं, असंच मला वाटलं. नंतर कळलं की हीच ओळ त्याने अनेकांना पाठवली होती, "ताई"च्या जागी "दादा" घालून. तेव्हा तांत्रिक भाषा बोलतो म्हणून माणूस खरा, हे डोक्यातून काढून टाका. ती आता कुठेही फुकट मिळते.

भाव ठरला पॉटमागे 3,450, म्हणजे सहाचे 20,700. निम्मे, 10,350, ॲडव्हान्स. मग भट्टी लागल्याचे फोटो, आणि उरलेले 10,350 अधिक पॅकिंग-वाहतुकीचे 1,800, एकूण 12,150. मग पार्सल निघायच्या दिवशी "फुटतूट डिपॉझिट" 1,499, माल नीट पोचला की परत. परत कसले येतात! परत मिळणारं डिपॉझिट कुणी मागितलं की तिथेच थांबा, एवढं तर शेंबडं पोरही सांगेल. पण 22,500 अडकलेले असताना 1,499 साठी हटून बसायचं का? पार्सल अडलं असतं तर? मी दिले. तुम्हीही दिले असते.

आणि आता तो व्हिडिओ.

दुसरा हप्ता द्यायच्या आधी मी म्हटलं होतं, पाणी घालून दाखवा. (बघा, एवढी काळजी घेतली होती.) त्याने वीसेक सेकंदांचा व्हिडिओ पाठवला. हिरवट फरशीचा तुकडा, त्यावर पॉट, पाइपने पाणी सोडलं आणि सरसर निघून गेलं. "ताई, पाणी बघा कसं धावतंय." मी हरखले. आमच्या बोन्सायवाल्या मैत्रिणींनाही पाठवला, त्यांनी अंगठे दाखवले. सगळं झाल्यावर तोच व्हिडिओ मी थांबवून थांबवून बघितला. दोन भोकं, पण पाणी एकाच भोकातून पडतंय. दुसऱ्यातून थेंब नाही. फरशीच्या डाव्या कडेखाली लाकडाची ढलपी सरकवलेली आहे, पूर्ण वेळ दिसते, लपवायचे कष्टसुद्धा घेतलेले नाहीत! पॉट तिरका ठेवला की कुठल्याही डबक्यातून पाणी धावेल. ती ढलपी आठवली की अजून अंगाचा तिळपापड होतो. डोळ्यांसमोर होती. पण रात्री स्वयंपाकघर आवरून मोबाइलवर व्हिडिओ बघणारी बाई फरशीची पातळी मोजत बसते का? आणि ज्या मैत्रिणी आता "अगं, स्पष्ट दिसतंय की" म्हणतात, अंगठे त्यांचेच होते.

पाण्याची परीक्षा घ्यायचीच तर व्हिडिओत पॉटशेजारी स्पिरिट लेव्हल (गवंड्याची बुडबुड्यावाली पातळीपट्टी) ठेवायला सांगा. ओतणं बंद झाल्यावरही कॅमेरा तळावरच हवा. भोकांच्या मध्ये डबकं राहिलं तर पॉट बाद.

पार्सल आलं. वरून ठीकठाक. उलटा केल्यावर पोटात गोळा आला. भोकं जेमतेम आठ मिलिमीटरची, कडा टवके उडालेल्या, आणि टवक्यांखाली विटेसारखी लाल माती. कुंभार भोक पाडतो ते माती अर्धवट वाळलेली, पण अजून कापली जाईल अशी असताना, आणि ओल्या स्पंजाने कड पुसून गोल करतो. ही भोकं भाजल्यानंतर ड्रिलने मारलेली. वायरच्या चार भोकांपैकी दोन आरपार गेलीच नव्हती, खालून नुसत्या खळग्या. पाय तीन मिलिमीटर. फोटोतल्या पॉटवर पायाजवळ कुंभाराचा शिक्का होता, यांच्यावर शिक्का नाही. टिचकी मारली तर स्टोनवेअर खणखणतं, हे ठप्प वाजले. न रंगवलेल्या तळावर पाण्याचा थेंब टाकला तर बघता बघता आत मुरला. ग्लेझ, म्हणजे भाजून आणलेली चकाकी, म्हणून जे होतं ते नेलपॉलिश रिमूव्हरने कापसावर उतरलं. म्हणजे बाराशे अंशांच्या वर भाजलेलं स्टोनवेअर म्हणून मला साधी टेराकोटा रंगवून विकली होती. तळ मध्ये खोलगट आणि भोकं कडेला, चढावर. पाणी जाणार कुठून?

तुम्ही म्हणाल, मग त्यात झाड लावलंच कशाला? लावलं होतं. बॉक्स आला त्या दिवशी वरचा एकच पॉट काढला, बोगनवेल उपटून तयार होती, मुळं सुकत होती, मी भोकांवर जाळी टाकली आणि बसवून मोकळी झाले. बाकीचे पाच नंतर उघडले. प्रभात रोडवरचा एक जुना बंगला पाडत होते तेव्हा मजुरांना विनवून आणलेलं ते खोड, मनगटापेक्षा जाड, बारा वर्षं सांभाळलेलं. बोगनवेल उन्हातान्हात तग धरते, पण पाय ओले ठेवलेले तिला अजिबात खपत नाहीत. उन्हाळाभर ठीक होती. पुण्यातला पाऊस लागला आणि पानं पिवळी पडायला लागली. मी खत कमी पडलं म्हणून खत दिलं. जुलैत खोड बुडाशी मऊ लागलं. उपसली तेव्हा मुळांचा लगदा आणि गटाराचा वास. तिची किंमत 23,999 मध्ये धरलेली नाही.

पैशांचं म्हणाल तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. पलीकडून पहिला प्रश्न: "वस्तू मिळाली का?" मिळाली. "मग हे सायबरमध्ये कसं बसेल?" पोर्टलवर तक्रार नोंदवली, पोच क्रमांक आला, पुढे शांतता. पोलीस चौकीत गेले तर साहेब जेवायला. साहेब आल्यावर "मॅडम, हा दिवाणी मामला आहे". मी म्हटलं, भलतीच वस्तू दाखवून पैसे उकळणं ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 318(4). तर ते शेजारच्याकडे बघून हसले. शेजारचा म्हणतो, "भोकं लहान आहेत तर ड्रिलने मोठी करून घ्या की." अर्ज घ्यायलाही तयार नव्हते, घेतला तेव्हा त्यावर "कुंडी खरेदीबाबत" असं लिहिलं. कुंडी खरेदीबाबत! म्हणजे मी वाळवणाची परवानगी मागायला गेले होते जणू.

बँकेत उत्तर तयार होतं: "यूपीआय पिन तुम्हीच टाकलात." हो, मीच टाकला, पिन चोरीला गेला असं मी म्हटलंच नव्हतं. ज्या खात्यात पैसे गेले त्या बँकेला विचारा म्हटलं तर "ते आमच्या हातात नाही". 1915 या ग्राहक हेल्पलाइनवरची बाई गोड बोलली. पण विक्रेता त्यांच्याशी जोडलेल्या कंपन्यांत नाही म्हणून तक्रार बंद, आणि मला मेसेज आला की तक्रारीचं निराकरण झालं, सेवेला गुण द्या. दिले, शून्य.

राहिला जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील लागत नाही, दोन वर्षांच्या आत दावा करता येतो, हे खरं आहे आणि वापरा. पण तिथे समोरच्याचा पत्ता लागतो. ऑनलाइन विकणाऱ्याने नाव, पत्ता आणि तक्रार ऐकणारा अधिकारी दाखवायला हवा असं ई-कॉमर्सचे 2020 चे नियम सांगतात. दाखवला नाही तर कोण विचारतं? पार्सलवरच्या पत्त्यावर मी नोटीस पाठवली, "असा इसम राहत नाही" शेऱ्यासह परत आली. म्हणून पैसे देण्याआधी जीएसटी क्रमांक मागा आणि सरकारी पोर्टलवर टाकून बघा. नाही म्हणाला तर कॅश ऑन डिलिव्हरी, तेही नाही तर रामराम. शक्य असेल तर मातीकाम करणाऱ्याच्या स्टुडिओत स्वतः जा आणि पॉट उलटा करून बघा. पार्सल उघडताना न थांबवता व्हिडिओ काढा. माझा नाही, म्हणून "तुम्हीच ड्रिल मारलं असेल" हेही ऐकून घ्यावं लागलं.

बाकीच्या पाचांना शेवटी मध्यभागी, डायमंड बिटने, पाणी सोडत भोकं पाडली. एक तडकला. उरलेले चार पॉट, पायांखाली फरशीचे तुकडे सरकवून, वापरतेय, म्हणजे चौकीतला तो माणूस जिंकला.

तेच पान आता नव्या नावाने चालू आहे, हिरवट फरशीचा व्हिडिओ तोच. नाशिकच्या एका मुलाने मला विचारलं तेव्हा त्याचा 5,500 ॲडव्हान्स भरून झाला होता. दुसरा हप्ता त्याने थांबवला. समोरून त्याला उत्तर आलं, "दादा, भट्टी लागलीये, आता ऑर्डर रद्द होत नाही."