रुटीन्स-बेस्ड इंटरव्ह्यू: आठ महिने वापरून, आणि त्या १ ते ५ आकड्याचा वैताग

शीघ्र हस्तक्षेपात, म्हणजे विकासात मागे पडणाऱ्या लहान मुलांना लवकर मदत देण्यात, काम करणाऱ्यांना रॉबिन मॅकविल्यमची ही पद्धत ठाऊक असते. बाकीच्यांसाठी एवढंच: घरच्यांशी दिवसातल्या एकेका वेळेबद्दल बोलायचं आणि त्यातून मुलाची उद्दिष्टं ठरवायची. लिहायला घेतलं ते मुलांच्या थेरपीचे जुने छापील आराखडे पुन्हा चाळल्यावर. त्यात ‘पालकांची अपेक्षा’ असा दोन बोटं रुंदीचा रकाना आणि जवळपास प्रत्येक कागदावर एकच मजकूर: ‘मूल चालावं, बोलावं’. खाली सही किंवा अंगठा. यावरून थेरपी काय ठरणार? मग थेरपिस्ट आपल्या मनाने उद्दिष्टं लिहितो आणि आई मान हलवते.

या मुलाखतीत सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत एकेक वेळ घ्यायची: आंघोळ, जेवण, अंगणवाडी, बाजार. तेव्हा घरातले काय करतात, मूल कितपत रमतं, स्वतः किती करतं, इतरांशी कसं वागतं, एवढं विचारायचं. अडचण ऐकू आली की समासात चांदणी. शेवटी चांदण्या वाचून दाखवायच्या. दहा-बारा उद्दिष्टं घरच्यांनी निवडायची, क्रमही त्यांनीच लावायचा. खर्च एक शंभर पानी वही. बाजारातल्या तयार किटवर हजारो रुपये घालवण्याआधी एकदा हे करून बघा.

आता तो आकडा. प्रत्येक वेळेचं बोलणं झालं की समाधान १ ते ५ मध्ये विचारायचं. ‘समाधान किती?’ असं सरळ विचारलं की ४ येतो. जिथे तिथे ४! आईला वाटतं तिच्या सांभाळण्याला गुण मागतायत, नाहीतर आपल्या केंद्राला. सासूबाई शेजारी असतील तर ५. पहिले तीन महिने माझं मत होतं की हा सोपस्कार काढूनच टाकावा. ते आता मागे घेतो. चूक प्रश्नाच्या शब्दांत होती. असं विचारा: ‘ही वेळ उद्यापासून अशीच राहिली तर चालेल का? १ म्हणजे मुळीच नको, ५ म्हणजे आहे तशीच राहू दे.’ लगेच आंघोळ २ वर येते, जेवण १ वर. हे त्या वेळेचं वर्णन संपल्या-संपल्या विचारायचं. सगळे आकडे शेवटी एकदम घेतले तर पुन्हा ४, ४, ४. सहा महिन्यांनी आढावा घेताना शब्द बदलले तर तुलना गेलीच, म्हणून प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर चिकटवून ठेवा.

‘हाताची पकड सुधारणे’ असलं उद्दिष्ट इथे टिकत नाही. त्याऐवजी येतं: दुपारच्या जेवणात मऊ भाताचे पाच घास स्वतः चमच्याने खाईल, आठवड्यातून चार दिवस. मग पुढची कामं आपोआप दिसतात. पाय लोंबकळू नयेत म्हणून खाली पाट, चमच्याच्या दांड्यावर सायकलची जुनी ग्रिप, उभ्या काठाची जड वाटी. भात घट्टसर कालवलेला, कारण पातळ वरण-भात तोंडापर्यंत जाईतो ओघळून जातो. पाच घास झाले की आईने भरवायचं. मूल दमलं की उरलेलं जेवण रडण्यात जातं.

तोटा वेळेचा. दोन तास लागतात, ओपीडीच्या दिवशी विसरा. अर्ध्या-अर्ध्या तासाचे चार तुकडे केले तर चांदण्या शिळ्या होतात, आणि पालकांची मजुरी एकदा बुडायची ती चारदा बुडते. टिपणं घ्यायला दुसरा माणूस हवाच. विचारणाऱ्याची नजर वहीत गेली की आई उत्तरं आखडते. बाप ‘तिला विचारा’ म्हणतो, तेव्हा त्याला गाडीवरच्या फेरीचं विचारावं, तिथलं त्यालाच माहीत असतं. रात्री झोप लागत नाही तेव्हा कशाची काळजी वाटते, हा प्रश्न अगदी शेवटी, आणि भरल्या घरात नको.

क्रम लावताना पेन त्यांच्या हातात द्या. लिहिता येत नसेल तर चित्रांच्या चिठ्ठ्या सतरंजीवर मांडा, त्यांनीच सरकवायच्या. सगळ्यात वर ‘चालणं’ न येता ‘कुणी तासभर याच्यापाशी बसलं तर मला माझ्या दुखण्यासाठी दवाखान्यात जाता येईल’ असं आलं, तर क्रमांक १ तेच. फिजिओचं उद्दिष्ट क्रमांक २ वर.