केदारकांठा: जानेवारी की मार्चअखेर?

उत्तराखंडातला केदारकांठाचा हिवाळी ट्रेक: सांकरी गावाहून सुरुवात, माथा साडेबारा हजार फूट, सोबत काय न्यायचं वगैरे तुम्ही वाचलेलं असेलच. परभणीहून मी तिथे दोनदा जाऊन आलो, एकदा जानेवारीत आणि एकदा मार्चच्या शेवटी. यंदा आमच्यातले तिघं रजा कधी टाकावी म्हणून मागे लागलेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

दिसायला जानेवारीला तोड नाही. मार्चअखेर खालची वाट चिखलाची असते. बर्फ वर गेल्यावरच भेटतो आणि तोही मळकट. फोटोंसाठीच जाणार असाल तर पुढचं नाही वाचलं तरी चालेल.

मला जानेवारीचा बर्फ कळलाच नाही. थर पातळ, रात्री आभाळ मोकळं. जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास आणि वरचा पृष्ठभाग कडक गारठलेला. मग खालची वाफ वर सरकत राहते आणि तळातल्या बर्फाचे दाणे सुटे होतात. वाटेच्या कडेला उकरून मी मूठभर घेतला, लाडू वळायला गेलो, तर बोटांतून जोंधळ्यासारखा घरंगळला. त्यावर दणकून हिमवृष्टी झाली, की ज्वारीच्या राशीवर शहाबादी फरशी ठेवल्यासारखं होतं. 30 ते 45 अंशांच्या उतारावर ती फरशी सुटायला, म्हणजे हिमस्खलन व्हायला, बरेचदा चालणाऱ्याचंच वजन पुरतं.

माझं मत फिरलं ते मात्र एका वाक्यानं. दुसऱ्या मुक्कामी रात्रभर बर्फ पडला. नव्या बर्फानंतरचे पहिले 24 ते 48 तास जास्त धोक्याचे, हे गाइडला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक. उद्या निघायचं का, विचारलं. "देखते हैं, सर." संध्याकाळी पुन्हा विचारलं. "देखते हैं." त्याचीही चूक नाही, त्याला तरी काय दिसणार होतं? इकडे परतीचं सचखंड एक्स्प्रेसचं तिकीट कन्फर्म. तंबूतली चर्चा बर्फावरून तिकिटावर कधी घसरली, कळलंच नाही. एवढ्या लांब आलोय, बाजूचा ग्रुप निघतोय, असं करत करत निघालो. काही झालं नाही, माथ्यावर चहासुद्धा प्यालो. पण आमच्यात एकाकडेही ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं संदेशयंत्र) नव्हता आणि फावडं एकच, तेही स्वयंपाकाच्या तंबूत. गाडला गेलेला माणूस पंधराएक मिनिटांत बाहेर निघाला तर ठीक, पुढे आशा झपाट्यानं कमी होते. उतरताना मी तेवढाच हिशेब करत होतो.

मार्चअखेरचा बर्फ निदान बोलतो. दुपारी वितळतो, रात्री गोठतो. पाऊस उघडल्यावर आमचे वडील रानातलं ढेकूळ हातात दाबून बघतात. वाफसा आल्याशिवाय तिफण धरत नाहीत. इथंही तसंच. पहाटे पाचला बूट आपटला तर टणक लागलं, निघालो. नऊला टाच रुतायला लागली, दहाला पाय घोट्यापर्यंत जायला लागला, तेव्हा आम्ही धोक्याचा उतार सोडून खाली आलो होतो. रात्री ढग राहिले आणि बर्फ गोठलाच नाही, तर जायचं नाही. कुणाला विचारावं लागत नाही. त्रास आहेच: रात्री दोनला उठा आणि मग अख्खी दुपार ओले मोजे वाळवत तंबूत बसा.

अर्थात मार्च निर्धोक असं मी म्हणणार नाही. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी हिमवृष्टीची वादळं, उशिरापर्यंत येत राहतात. 28 फेब्रुवारी 2025 ला उत्तराखंडातल्याच माणा गावाजवळ रस्त्याच्या कामावरच्या मजुरांच्या छावणीवर हिमस्खलन झालं, 8 जण गेले. तिथल्याच द्रौपदी का डांडा शिखरावर 29 गिर्यारोहकांचा बळी गेला तो तर 4 ऑक्टोबरला, 2022 मध्ये. उलट बर्फ हमखास म्हणून जानेवारी धरावी, तर 2024 च्या जानेवारीत गुलमर्गसुद्धा कोरडं पडलं होतं.

तेव्हा महिना कुठलाही धरा, परतीचं तिकीट दोन दिवस पुढचं काढा. मी यंदाचं काढलंय, मार्चच्या शेवटच्या आठवड्यातलं. तिघांपैकी एकाच्या मुलीची दहावी आहे, त्यामुळे त्याचा प्रश्न तसाही सुटलाय. उरलेले दोघं अजून जानेवारीचे फोटो बघतायत.